पांढरी पाचच्या गाण्यालाच गिटार का घुमते?

पत्र :
दादा, मी मुलुंडला राहते. नोकरी सांभाळून आमच्या भावगीतांच्या ग्रुपमध्ये अकूस्टिक गिटार वाजवते. सोबत तबला, हार्मोनियम, एक गायक आणि एक गायिका. घरी माझी गिटार फार गोड वाजते. स्टेजवर जॅक लावला की तीच गिटार रबर ताणून सोडल्यासारखी वाजते, आवाजात लाकूडच उरत नाही. पिकअप, म्हणजे तारांचं हलणं विजेत बदलणारा भाग, कंपनीनेच बसवलेला आहे, कडेला नॉब असलेला, आत ९ व्होल्टची बॅटरी. आवाज भरावा म्हणून मी बेस आणि ट्रेबल दोन्ही वाढवते, तर गिटार घुमायला लागते आणि साउंडवाले माझा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढतात. सगळ्या गाण्यांना असं होत नाही. गायिकेची पट्टी पांढरी पाच (म्हणजे जी सूर), तिच्या गाण्यांना हमखास होतं. गायक पांढरी दोनमध्ये (म्हणजे डी सुरात) गातो, तेव्हा होत नाही. कोणी म्हणतं पिकअप बदल, कोणी म्हणतं महागातली गिटार घे. पैसे मोजकेच आहेत आणि दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ठरलाय. काय करू?

उत्तर :
गिटार बदलू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको.

तुझ्या पत्रातलं ते पट्टीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पांढरी पाचला घुमते, पांढरी दोनला नाही. हे तू कान देऊन टिपलंस, फार चांगलं केलंस, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो. गिटारच्या डब्यातल्या हवेचाही साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, असाच एक ठरावीक सूर असतो. मोठ्या अंगाच्या गिटारीत तो १०० हर्ट्झच्या आसपास पडतो. त्याच्या वर, साधारण १८० ते २२० हर्ट्झच्या दरम्यान, पुढच्या लाकडी पाटीचा स्वतःचा सूर असतो. आता हे आपल्या पट्ट्यांत मांडून बघ. सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला लागते ती पांढरी पाच, ९८ हर्ट्झ. मोकळी तिसरी तार, तीही पांढरी पाचच, १९६ हर्ट्झ. म्हणजे जी मेजर धरलीस की तुझ्या दोन तारा डब्याच्या दोन्ही सुरांवर एकदमच बोट ठेवतात. पांढरी दोनची मोकळी चौथी तार आहे १४७ हर्ट्झची. ती दोन डोंगरांच्या मधल्या दरीत पडते, म्हणून गायकाच्या गाण्यांना तुझी गिटार शहाण्यासारखी वागते.

तुझ्या गिटारचे हे सूर नेमके कुठे आहेत ते घरीच काढता येतं. वडील किंवा भाऊ, ज्यांचा आवाज खर्जात जातो, त्यांना साउंडहोलजवळ तोंड नेऊन हुंकार द्यायला सांग, आणि खालून वर हळूहळू सरकायला सांग. गिटार तुझ्या मांडीवर असू दे, तळहात मागच्या पाटीवर. एका जागी आल्यावर डबा हाताखाली जिवंत होईल, अगदी मांजर गुरगुरल्यासारखा. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये तो सूर बघ आणि वहीत लिहून ठेव. मग सगळ्या तारा एका हातानं दाबून ब्रिजच्या (तारा पाटीला जिथे बांधलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या) मागे अंगठ्यानं हलकेच ठोक. तो 'धप्प' जिथे वाजतो तो पाटीचा सूर. हे दोन आकडे साउंडवाल्याच्या हातात दिलेस तर त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

घुमणं सुरू कसं होतं? स्पीकरमधून आलेला आवाज पाटीला हलवतो, पाटीबरोबर ब्रिज हलतो, ब्रिजखालचा पिकअप ते हलणं पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. हे चक्र पाटीला सगळ्यात सोप्या वाटणाऱ्या सुरावर फिरायला लागतं. आणि तू बेस वाढवतेस तेव्हा नेमक्या त्याच भागाला खतपाणी घालतेस.

त्यात आपल्याकडे एक खास अडचण आहे. भावगीतांच्या कार्यक्रमात आपण बहुतेकदा गादीवर मांडी घालून बसतो. फ्लोअर मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा जमिनीवरचा स्पीकर, उभ्या माणसाच्या कानाकडे तोंड करून बनवलेला असतो. बसलेल्या वादकासमोर, हातभर अंतरावर ठेवला की तो थेट साउंडहोलमध्ये आवाज ओततो. मी अनेक वर्षांपूर्वी एका दिवाळी पहाटेला हे भोगलंय. मैदानावर मंडप, थंड हवा, गायिकेचा आलाप अगदी तलम चाललेला, आणि माझ्या गिटारीतून हूऽऽ असा आवाज उठला. मी घाबरून सगळ्या तारांवर तळहात ठेवला. तरी थांबेना. तारा गप्प होत्या आणि डबा मांडीवर थरथरत होता. शेवटी तबल्यावर बसलेल्या काकांनी डावा हात लांब करून मॉनिटर बाजूला वळवला आणि सगळं एका क्षणात शांत झालं. मी तोवर कितीतरी नॉब फिरवले होते.

म्हणून तुझी पहिली दुरुस्ती फुकट आहे. मॉनिटर समोरून उचलून तुझ्या बाजूला, शक्य तर छोट्या स्टुलावर, कानाच्या उंचीला ठेवून घे. साउंडहोलची दिशा त्याच्याकडे नको. तुझ्या मॉनिटरमध्ये गिटार थोडीच घे आणि तिचा बेस काढून टाकायला सांग. तुला तिथे फक्त ताल आणि सूर कळायला हवेत. गोडवा श्रोत्यांच्या स्पीकरमध्ये असू दे. दुसरी दुरुस्ती, साउंडहोलला बसणारी रबराची चकती. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत मिळते, फार महाग नसते. तिने हवेचा तो सूर दबतो, आणि तुझा पिकअप सॅडलखाली (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या बारीक पट्टीखाली) असल्यामुळे स्पीकरमधला आवाज फारसा बदलत नाही. घरी वाजवताना ती काढून ठेव.

आता तुझी खरी तक्रार. लाकूड कुठे जातं?

स्वयंपाकघरातला गॅस लायटर घे. खटका दाबलास की आतल्या स्फटिकावर दाब पडतो आणि ठिणगी उडते. दाबातून वीज. तुझ्या सॅडलच्या पट्टीखाली याच जातीची एक बारीक पट्टी आहे, तिला पिएझो म्हणतात. तार छेडली की सॅडलवरचा दाब बदलतो आणि तेवढाच ती ऐकते. पाटीवरून सुटलेला आवाज, डब्यातून बाहेर पडलेली हवा, खोलीच्या भिंतीवरून परत आलेला गोडवा, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. घरी तू जी गिटार ऐकतेस ती चार फूट हवेतून येते. स्टेजवर लोक ऐकतात ती तारेच्या मुळाशी कान लावून ऐकलेली गिटार. तंबोऱ्याच्या भोपळ्यासमोर बसून ऐकणं आणि घोडीला कान टेकवून ऐकणं, यात जो फरक आहे तोच हा.

जोरात वाजवलं की हा दोष आणखी उघडा पडतो. छेडण्याच्या पहिल्या क्षणाला पिएझोमधून मोठा झटका येतो, छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रीॲम्पला (पिकअपचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या सर्किटला) तो पेलत नाही, आवाजाचं टोक कापलं जातं. तुला ऐकू येणारा रबरी टणत्कार बराचसा तिथे जन्मतो. म्हणून बॅटरी आधी तपास. अल्कलाइन घे, आणि मल्टीमीटरवर ८ व्होल्टच्या खाली गेली की बदल. कार्यक्रम संपला की जॅक काढून ठेव, कारण बहुतेक गिटारींत जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. गिटारवरचा व्हॉल्यूम पाऊण ठेव. साउंडचेकला तुझं सगळ्यात जोराचं स्ट्रमिंग वाजवून दाखव आणि मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) त्यावर लावून घे. साउंडचेकला लाजून हळू वाजवायचं आणि कार्यक्रमात रंगात येऊन जोरात, हे फार जण करतात, आणि मग गेन चुकतो.

हातही थोडा बदलावा लागेल. घरी आवाज पुरत नाही म्हणून आपण जोरात मारतो. स्टेजवर आवाज मोठा करायला स्पीकर आहे. निम्म्या जोरानं वाजव, ब्रिजपासून दूर, साउंडहोलच्या वर किंवा मानेकडे सरकून. पातळ पिक असेल तर थोडा जाड वापरून बघ, पातळ पिकचा टकटकाट पिएझो फार मोठा करून दाखवतो. बोटांनी वाजवत असशील तर नखाबरोबर बोटाचं मांसही तारेला लागू दे. एवढ्यानंच फरक पडतो, तो ऐकून तुला आश्चर्य वाटेल.

मग येतो इक्यू, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणं. इथे माझं मत ठाम आहे. जे पिकअपनं ऐकलंच नाही ते वाढवून येत नाही. जे नकोसं त्यानं जास्त ऐकलं ते कमी करता येतं. त्यामुळे गिटारवरचे बेस, मिड, ट्रेबल आधी मधोमध आण आणि तिथून फक्त खाली जा. साउंडवाल्याला तीन गोष्टी सांग. एक, १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं काप. तुमच्याकडे डग्गा आहे, खालची जागा त्याची आहे, गिटारनं तिथे गर्दी केली तर दोघांचंही तोंड बांधलं जातं. दोन, तू वहीत लिहिलेला पाटीचा सूर, तिथे अगदी अरुंद खाच पाड, ४-५ डेसिबलची. तीन, दीड हजार ते अडीच हजार हर्ट्झ यांच्यामध्ये रबर लपलेलं असतं. तिथे एक अरुंद टेकडी उभी करून ती हळूहळू सरकवायची, जिथे आवाज सगळ्यात कुरूप होईल तिथे थांबायचं आणि तीच टेकडी उलटी करून खड्डा करायचा. डिजिटल मिक्सरवर हे एका मिनिटाचं काम आहे. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी एक मिनिट मागताना संकोच करू नकोस.

यानंतर आवाज कोरडा वाटेल, कारण हवा अजूनही नाही. ती थोड्या रिव्हर्बनं, म्हणजे खोलीतल्या घुमाऱ्याच्या नकलेनं, भरता येते. छोट्या खोलीचा, आखूड. रिव्हर्ब बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं आणि चालू असताना तो आहे हे कळू नये, एवढाच. नाट्यगृहात आधीच घुमारा असेल तर तोही नको, उघड्या मैदानात थोडा जास्त चालेल.

मोजकेच पैसे म्हणालीस, तर ते कशावर घालायचे? माझा क्रम सांगतो. आधी एखाद्या चांगल्या कारागिराकडून सॅडल तपासून घे. सॅडलची खालची कड पिएझोवर पूर्ण सपाट टेकलेली नसेल तर एखादी तार दबते, एखादी उसळते, आणि ते कुठल्याही नॉबनं सुधारत नाही. प्लास्टिकचं सॅडल असेल तर त्याच वेळी हाडाचं बसवून घे. मुंबईत हे जास्तच महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवते. पाटी फुगते, ब्रिज वर येतो, तारा उंच होतात आणि सॅडलचा कोन बिघडतो. जूनमध्ये ठीक वाजणारी गिटार सप्टेंबरात असमान वाजायला लागते ती यामुळे. गिटार केसमध्ये ठेव, सिलिका जेलच्या पुड्या घाल, त्या वेळोवेळी वाळव, आणि लहानसा आर्द्रतामापक आत ठेव. भिंतीला टांगून ठेवू नकोस, निदान पावसाळ्यात.

दुसरा खर्च, स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज लांबच्या केबलला पेलेल असा करून देणारी छोटी डबी. गिटारची साधी जॅकची केबल पाच-सहा मीटरपर्यंत बरी, पुढे ती खरखर आणि गुणगुण गोळा करते. नाट्यगृहात मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागे असतो. डीआय तुझ्याजवळ ठेवला की तिथून पुढे माइकच्याच जातीची बॅलन्स्ड केबल जाते आणि आवाज स्वच्छ पोचतो. घेताना फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटवण्याचं बटण आणि खाच पाडणारा नॉच फिल्टर असलेला बघ. गिटार घुमायला लागली की फेजचं बटण दाबून बघायचं, कधीकधी तेवढ्यानंच शांत होते. केबल लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चांगल्या कनेक्टरची बनवून मिळते. तिथे सोल्डर करताना उभी राहा, बघ, शिकून घे. आपली केबल आपल्याला दुरुस्त करता यावी.

पिकअप बदलण्याचा विचार मी तिसऱ्या जागी ठेवेन. पाटीच्या आतल्या बाजूला, ब्रिजच्या खाली चिकटवायचे ट्रान्सड्यूसर (हलणं विजेत बदलणाऱ्या चकत्या) मिळतात, के अँड के कंपनीचा प्युअर मिनी त्यातला खूप वापरला जाणारा. ते पाटीचंच हलणं ऐकतात, म्हणून त्यांत लाकूड जास्त येतं. पण पाटी जास्त ऐकणारी वस्तू घुमण्यालाही जास्त बळी पडते, तेव्हा मॉनिटरची शिस्त आधी लागायला हवी. शिवाय तो पिकअप बॅटरीशिवाय चालतो. अशा पिकअपला १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इम्पिडन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) इनपुट लागतं. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला सरळ जोडलास तर खालचा आवाज गळून जातो आणि गिटार डासासारखी गुणगुणते. साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप घुमण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तो पोलाद ऐकतो, ब्राँझ नाही. ब्राँझ गुंडाळलेल्या जाड तारांमधला फक्त पोलादी गाभा त्याला कळतो, पातळ दोन तारा उसळतात, आणि एकूण आवाज इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो. भावगीताला तो मला रुचत नाही.

माइक लावावा का, हेही तुझ्या मनात येईल. लहान, शांत बैठकीत जरूर. बारीक डायफ्रामचा कंडेन्सर माइक बाराव्या पडद्याकडे रोखून, २०-३० सेंटिमीटरवर. साउंडहोलसमोर कधीच नाही, तिथे हवेचा तो १०० हर्ट्झचा लोट सरळ अंगावर येतो. चार फुटांवरची गिटार तुला तेव्हा खरोखर परत मिळते. तबला शेजारी असेल तर त्यात तबलाही येणार. म्हणून मी पिकअप आणि माइक दोन्ही घेतो. माइकचा २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापतो, खालचं पिकअपवर सोडतो आणि वरची हवा माइकमधून थोडीशी मिसळतो. मिसळताना माइकची फेज उलट-सुलट करून बघ, ज्या बाजूला आवाज भरीव लागतो ती ठेव. मैदानावरच्या मंडपात मात्र माइकच्या नादी लागू नकोस. वारा, पंखे, शेजारचे स्पीकर, कोणीच तुला साथ देणार नाही.

अलीकडे काही पेडल येतात, जी माइकवर ऐकू येणाऱ्या गिटारची छाप घेऊन ती पिकअपच्या आवाजावर चढवतात. एल. आर. बॅग्जचं व्हॉइसप्रिंट तुझ्याच गिटारची छाप मोबाइलच्या मदतीनं घेतं, टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॉडी रेझ एका नॉबवर चालतं. मी अशी पेडल ऐकली आहेत आणि मला ती आवडतात, निम्म्या मात्रेत. पूर्ण चढवली की आवाज सुंदर पण लांबचा वाटतो आणि डब्याचे ते दोन सूरही परत येतात. हा खर्च सॅडल आणि डीआयनंतर, जमेल तेव्हा.

दिवाळी पहाटेआधी एक करून ठेव. घरी मोबाइल चार फुटांवर ठेवून तुझ्या गिटारचं रेकॉर्डिंग कर, कुणाकडून तरी वाजवून घेऊन स्वतः समोर बसून ऐक, आणि तो आवाज कानात पक्का कर. आपण वाजवताना वरून ऐकतो ते वेगळंच असतं. तारा नव्या घालायच्या असतील तर दोन-तीन दिवस आधी घाल, अगदी कोऱ्या तारा पिएझोवर फार चरचरतात. पहाटे मैदानावर दव असतं, घरून थंड एसी गाडीतून गिटार काढून लगेच ट्यून करत बसू नकोस, तिला मंडपात पंधरा-वीस मिनिटं केसमध्येच राहू दे. आणि साउंडचेकला वेळ पाच मिनिटांचा मिळाला तरी त्यात गायकाचं गाणं घेऊ नकोस. गायिकेला समोर बसव, पांढरी पाच लाव, जी मेजर पूर्ण जोरानं एकदा वाजव, आणि ती विरेपर्यंत तारांवर हात ठेवू नकोस.